रोमच्या विमानात पडद्याच्या पुढे बसावे का?

प्रश्न : पश्चिम महाराष्ट्रातील एका साठीच्या वाचक भगिनींचे हे पत्र आहे. सहकारी बँकेत ३४ वर्षे नोकरी करून त्या निवृत्त झाल्या. मुलगी फ्रँकफर्टला नोकरी करते. येत्या मे महिन्यात त्या आणि त्यांचे यजमान तिच्याकडे जाणार असून मुंबई–फ्रँकफर्टची इकॉनॉमीची तिकिटे काढून झाली आहेत. लग्नाला ३५ वर्षे होत असल्याने तेथून दोघेच रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस असे आठ दिवस फिरून येणार आहेत. त्या लिहितात : “बँकेच्या प्रशिक्षणासाठी मुंबईहून दिल्लीला जाताना पुढच्या रुंद खुर्च्यांवर बसलेल्या माणसांजवळून मी दर वेळी मागे गेले. आयुष्यात निदान एकदा तिथे बसावे अशी इच्छा आहे. मोठ्या प्रवासाचा बिझनेस क्लास आम्हाला परवडणारा नाही. पण फ्रँकफर्ट ते रोम तरी त्या वर्गाने जावे असे वाटते. दोघांचे मिळून जातानाचेच ४० हजार रुपये जास्त पडतात. पैसे माझ्या आरडीचे आहेत, कर्ज कोणाचे नाही. हे म्हणतात, ‘दोन तासांसाठी ४० हजार? त्यात पुतण्याच्या क्लासची वर्षाची फी भागेल.’ मुलगी हसून म्हणाली, ‘आई, तीच खुर्ची असते गं, फक्त पडदा लावलेला असतो.’ तिचे हसणे मला जास्त लागले. आम्ही शाकाहारी आहोत. माझे गुडघे दुखतात, हेही कारण आहेच. या वयात अशी हौस करणे चूक आहे का?”

उत्तर :

नमस्कार ताई,

पत्राच्या शेवटी तुम्ही एकच प्रश्न विचारला आहे, पण त्यात दोन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. अशी हौस करणे चूक आहे का, हा पहिला. आणि त्या विमानात ४० हजार मोजून हाती काय पडते, हा दुसरा. यजमान पहिल्याचे उत्तर देत आहेत, मुलगी दुसऱ्याचे देत आहे, आणि दोघेही ‘नको’ म्हणत असल्यामुळे घरातली सगळी माणसे एका बाजूला आणि आपण एकट्या दुसऱ्या बाजूला, असे तुम्हाला वाटू लागले आहे. मुलीच्या बोलण्यात माहिती आहे आणि ती बऱ्याच अंशी खरी आहे. यजमानांच्या बोलण्यात सवय आहे, आणि ती तुम्ही मान्य केलीच पाहिजे असे मुळीच नाही.

आधी माहितीचे पाहू, कारण तुमच्या मनातले चित्र आणि त्या विमानातली वस्तुस्थिती यांत मोठे अंतर आहे. तुमचे चित्र मुंबई–दिल्ली प्रवासात तयार झाले आहे आणि तिथल्यापुरते ते बरोबर आहे. आपल्याकडे एअर इंडियाच्या छोट्या विमानांतही पुढे दोन-दोनच्या जोडीने रुंद, मागे रेलणाऱ्या खुर्च्या असतात. इंडिगोनेही २०२४च्या अखेरीस दिल्ली–मुंबई मार्गावर असाच वर्ग सुरू केला. त्यामुळे बिझनेस क्लास म्हणजे निराळी खुर्ची, हे आपण गृहीत धरतो. युरोपातल्या छोट्या पल्ल्याच्या विमानांत मात्र बहुतेक कंपन्यांची रीत वेगळी आहे. लुफ्तान्सा, ब्रिटिश एअरवेज, एअर फ्रान्स, स्विस यांच्या एअरबस ए-३२० जातीच्या विमानांत पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तीन-तीन खुर्च्यांचीच मांडणी असते. पंगतीत दोन पानांच्या मधले पान मुद्दाम रिकामे सोडावे, तशी पुढच्या काही ओळींतली मधली खुर्ची विकायची नाही, एवढ्यावर तो बिझनेस क्लास होतो. मागे एक पडदा असतो. बिझनेसची जितकी तिकिटे खपली असतील, तितक्या ओळी मागे किंवा पुढे तो सरकवता येतो.

या पडद्यातच सगळे गणित आहे. सोमवारी सकाळी जे विमान कामानिमित्त निघालेल्या अधिकाऱ्यांनी भरते, तेच शनिवारी सुट्टीला निघालेल्या कुटुंबांनी भरते. पुढे रुंद खुर्च्या कायमच्या बसवल्या, तर शनिवारी त्या रिकाम्या उडतील आणि जागाही जास्त खातील. दोन तासांच्या प्रवासासाठी कंपन्यांना ते परवडत नाही. म्हणून खुर्ची सगळीकडे सारखीच ठेवायची आणि पडदा हलवायचा. खुर्चीची रुंदी तीच राहते, आणि पुढच्या खुर्चीपर्यंतचे अंतरही साधारण ३० इंचांच्या आसपासच असते. काही कंपन्या पुढच्या ओळींत एखाद-दोन इंच जास्त देतात, इतकेच. कोपर टेकायला जागा मिळते, खांद्याला खांदा लागत नाही आणि मधल्या खुर्चीवर पर्स ठेवता येते.

आता या मांडणीत तुम्ही दोघे कसे बसाल ते पाहा. एक जण खिडकीशी, दुसरा ये-जा करायच्या वाटेशी आणि मध्ये रिकामी खुर्ची. लग्नाच्या ३५व्या वर्षी जोडीने निघालेल्या नवरा-बायकोला ४० हजार जास्त घेऊन एकमेकांपासून एक खुर्ची लांब बसवण्याची ही व्यवस्था मला तरी गमतीची वाटते. कोणी म्हणेल की ३५ वर्षांनंतर तेवढे अंतर बरेच असते. तो प्रश्न तुमचा तुम्ही सोडवावा.

विमानातला वेळही मोजून घ्यायला हवा. फ्रँकफर्ट ते रोम हे अंतर हजार किलोमीटरच्या आतले, प्रवास जेमतेम दोन तासांचा. त्यातून वर चढण्याचा आणि खाली उतरण्याचा वेळ वजा केला, तर ताट पुढ्यात येऊन ते उचलले जाईपर्यंत तासाभराच्या आसपास अवकाश उरतो. एवढ्या छोट्या उड्डाणात बहुतेक वेळा थंड पदार्थांचे ताट येते : पाव, चीज, सॅलड, एखादा गोड पदार्थ. शाकाहारी जेवण हवे असेल, तर ते सहसा किमान एक दिवस आधी नोंदवावे लागते. नोंदवताना भारतीय पद्धतीच्या शाकाहारासाठी ‘एव्हीएमएल’ ही खूण निवडावी, आणि आपल्या उड्डाणावर ती सोय आहे की नाही हे कंपनीच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे, कारण छोट्या मार्गांवर ती सर्वत्र नसते. नोंदवायचे राहून गेले, तर महागड्या तिकिटावर पाव आणि लोणी खाऊन उतरण्याची वेळ येऊ शकते.

म्हणजे या तिकिटात काहीच नसते, असे मात्र नाही. जे काही असते ते बहुतांशी जमिनीवर असते. चेक-इनला वेगळी खिडकी, सुरक्षा तपासणीला छोटी रांग, विमान सुटेपर्यंत बसायला लाउंज, आणि सामानाची मोठी मुभा. लुफ्तान्सा व ब्रिटिश एअरवेज या वर्गात प्रत्येकी ३२ किलोच्या दोन बॅगा नेऊ देतात, तर इकॉनॉमीच्या सर्वांत स्वस्त तिकिटात सोडायची बॅग मुळीच नसते. ही यादी तुमच्या प्रवासाला लावून पाहा. जर्मनी आणि इटली दोन्ही शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपापसांत पासपोर्ट न तपासणाऱ्या देशांच्या गटात, असल्याने रोमला जाताना पासपोर्टची रांग नसते. वेळ वाचतो तो फक्त सुरक्षा तपासणीत. आठ दिवसांच्या फिरतीला ६४ किलो सामान कोणी नेत नाही, आणि फ्लॉरेन्सच्या दगडी रस्त्यांवरून ते ओढायचे तुम्हालाच आहे. राहता राहिले लाउंज. तुम्ही लेकीच्या घरून निघणार. लाउंजचे पैसे वसूल करायचे, तर तिच्या हातचा चहा टाकून दीड-दोन तास आधी बाहेर पडावे लागेल.

हाच प्रवास वेगळ्या प्रकारे जुळलेला असता, तर माझे उत्तर कदाचित बदलले असते. मुंबईहून रात्रभराचा प्रवास करून पहाटे फ्रँकफर्टला उतरलेल्या आणि रोमच्या विमानाची चार-पाच तास वाट पाहायची असलेल्या माणसाला लाउंजमधला सोफा, गरम सूप आणि असली तर अंघोळीची सोय यांचे मोल खरोखरच मोठे असते. सामान जास्त आहे, तारखा बदलण्याची शक्यता आहे आणि सोयीच्या तारखेचे इकॉनॉमी तिकीटही महागच पडते आहे, अशा वेळी बॅगेचे, जागा निवडण्याचे आणि तारीखबदलाचे पैसे मिळवून दोन्ही वर्गांतला खरा फरक काढावा; तो कधी कधी वाटतो त्यापेक्षा बराच कमी निघतो. आणि मुंबईपासून रोमपर्यंतचे एकच तिकीट बिझनेस वर्गाचे काढले असेल, तर हा छोटा टप्पा सहसा त्यातच येतो, त्यासाठी निराळा विचार करावा लागत नाही. तुमच्या बाबतीत यांपैकी काहीही लागू होत नाही.

सगळ्याच कंपन्या अशी मधली खुर्ची रिकामी ठेवतात, असेही नाही. टर्किश एअरलाइन्सच्या पुष्कळ छोट्या विमानांतही पुढे खऱ्या रुंद खुर्च्या असतात. फिनएअर हेलसिंकी–लंडनसारख्या मार्गावर कधी कधी लांब पल्ल्याचे मोठे विमान लावते आणि मग दोन-तीन तासांच्या प्रवासातही आडवे होता येते. तिकीट घेण्यापूर्वी आसनांचा नकाशा उघडून पाहणे, हा यातला सोपा उपाय आहे. पुढेही तीन-तीन आणि मागेही तीन-तीन दिसले, तर तो पडद्याचा वर्ग समजावा. पुढे दोन-दोन आणि मागे तीन-तीन दिसले, तर खुर्ची खरोखर वेगळी आहे. एम्ब्रेअर जातीच्या लहान विमानांत मात्र फसगत होते, कारण तिथे शेवटच्या ओळीपर्यंत दोन-दोनचीच मांडणी असते. म्हणून पुढची ओळ नेहमी मागच्या ओळीशी ताडून पाहावी. ब्रिटन किंवा फ्रान्समधून उड्डाण करणाऱ्या वाचकांनी करही पाहावा. ब्रिटनमध्ये वरच्या वर्गाच्या प्रवाशाला जवळच्या पल्ल्यासाठी दुपटीहून अधिक विमानकर पडतो, आणि फ्रान्समध्ये मार्च २०२५पासून युरोपातल्या उड्डाणावर इकॉनॉमीला ७.४० युरो, तर बिझनेसला ३० युरो कर आहे. खुर्ची तीच असली तरी कर वेगळा. जर्मनीतला विमानकर वर्गाप्रमाणे बदलत नाही.

आता गुडघे. पत्रात ते सर्वांत शेवटी आले आहेत, आणि मला शंका आहे की हौसेला कोणी नावे ठेवू नयेत म्हणून त्यांना साक्षीला उभे केले आहे. दुखणे खोटे आहे असे मी म्हणत नाही. पण या विमानातला बिझनेस क्लास त्यावरचा उपाय नाही, कारण जागा खांद्याला मिळते, गुडघ्याला मिळत नाही. पाय लांब करायला जागा हवी असेल, तर इकॉनॉमीतच थोडे जास्त पैसे भरून पहिल्या ओळीतली किंवा जास्त अंतराची खुर्ची निवडता येते. आपत्कालीन दारालगतच्या ओळीत पाय मोकळे राहतात, पण संकटात दार उघडायला मदत करावी लागत असल्याने ज्यांना हालचालीस त्रास आहे त्यांना ती जागा देत नाहीत.

गुडघे दुखतात ते विमानात बसल्याने कमी आणि विमानतळावर चालल्याने जास्त. फ्रँकफर्टसारख्या विमानतळावर तपासणीपासून दारापर्यंत चालणे पुष्कळ असते, आणि कित्येकदा विमानापर्यंत बसने नेऊन शिडी चढायला लावतात. या त्रासावरचा उपाय फुकट आहे. युरोपीय संघाच्या २००६च्या ११०७ क्रमांकाच्या नियमानुसार ज्यांना हालचालीत अडचण आहे त्या प्रत्येक प्रवाशाला विमानतळाने विनाशुल्क साहाय्य द्यायचे असते. तिकीट कोणत्या वर्गाचे आहे याचा त्याच्याशी संबंध नाही. प्रवासाच्या किमान ४८ तास आधी विमान कंपनीला कळवावे लागते. कळवताना नेमके सांगावे : पायऱ्या चढता येतात पण लांब चालवत नाही, की पायऱ्याही चढवत नाहीत, कारण त्यानुसार चाकाची खुर्ची किंवा विमानाला लावायची उचल-गाडी यांची व्यवस्था होते. आपल्याकडच्या पुष्कळ बायकांना चाकाच्या खुर्चीत बसायची लाज वाटते आणि त्या दुखरे पाय ओढत चालत राहतात, तर काही धडधाकट माणसे रांग चुकवण्यासाठी ती मागतात. तुम्हाला गरज असेल, तर संकोच करू नका. ही सोय मुंबईच्या विमानासाठीही आताच नोंदवून ठेवा. तो प्रवास जास्त लांबचा आहे.

हीच गोष्ट विमानाला उशीर झाल्यावरची. पुढे बसलेल्या माणसाची अडचणीत जास्त काळजी घेतली जाते, हा समज कायद्याच्या पातळीवर खरा नाही. युरोपीय संघाच्या २००४च्या २६१ क्रमांकाच्या नियमानुसार, विमान कंपनीच्या हाताबाहेरचे असाधारण कारण नसताना तुम्ही मुक्कामी तीन तास किंवा त्याहून उशिरा पोहोचलात, तर १५०० किलोमीटरपर्यंतच्या उड्डाणाला २५० युरो भरपाई असते. पहिल्या ओळीतल्या प्रवाशाला तेवढीच आणि शेवटच्या ओळीतल्यालाही तेवढीच. फरक एकाच ठिकाणी पडतो. बिझनेसचे तिकीट असताना कंपनीने मागे बसवले, तर एवढ्या अंतराच्या उड्डाणात त्या तिकिटाच्या किमतीचे ३० टक्के सात दिवसांत परत मिळायला हवेत. वर सांगितलेला पडदा पुढे सरकला की असे क्वचित घडते. हे तिकीट काढणाऱ्या वाचकांनी हा नियम लक्षात ठेवावा आणि दारावर समजूत म्हणून हाती दिलेल्या कूपनवर समाधान मानू नये.

इतके सगळे सांगून झाल्यावर मुलगीच बरोबर होती असे म्हणून मी मोकळा होऊ शकलो असतो. पण तुम्हाला तिची माहिती लागली नाही, तिचे हसणे लागले. परदेशात राहणारी मुले या गोष्टी रोज पाहतात. त्यांच्या लेखी ती एक महागडी, बिनकामाची वस्तू असते. दिल्लीच्या विमानात पुढच्या खुर्च्यांजवळून मागे जाणाऱ्या बाईच्या मनात त्या वेळी काय चालले होते, हे त्या मुलीला माहीत असण्याचे कारणच नाही. तुम्ही ते तिला कधी सांगितले आहे का? मला लिहिलेत तेवढे चार ओळींत तिला लिहा. ती हसली ती खुर्चीला. तुमच्या इच्छेला हसली असे समजून तुम्ही दुखावला आहात.

यजमानांच्या हिशेबाबद्दल मला थोडे अधिक स्पष्ट बोलायचे आहे. पुतण्याच्या क्लासची फी हा मुद्दा ऐकायला उदार वाटतो. पण त्या मुलाची फी खरोखर अडली असेल, तर ती रोमच्या तिकिटाआधीही अडलेली होती आणि तिचा विचार सहलीच्या सगळ्या खर्चाबरोबर व्हायला हवा होता. फक्त बायकोच्या आरडीतल्या रकमेची वेळ आली की घरातल्या गरजा आठवू लागतात, हे आपल्या पुष्कळ घरांत घडते आणि त्यात कोणाच्या मनात वाईट असतेच असे नाही. बायकोने स्वतःसाठी केलेला खर्च सगळ्यांना ठळक दिसतो. घरासाठी केलेला खर्च मात्र घरात मुरून जातो. तुम्ही ३४ वर्षे पगार आणला आहे. या रकमेचा विनियोग ठरवण्याचा अधिकार तुमचा आहे, आणि तो वापरताना गुडघ्यांची साक्ष काढायची गरज नाही. ‘मला एकदा पुढे बसायचे आहे’ हे कारण पुरेसे आहे.

म्हणूनच मला वाटते की ही इच्छा अशा ठिकाणी खर्च करू नये जिथे पडदा ओलांडून बसल्यावर तुम्हाला तीच खुर्ची दिसेल, आणि मनात ‘एवढेच?’ असे येऊनही यजमानांसमोर तसे म्हणता येणार नाही. ४० हजार खर्च करा. पण दुसऱ्या जागी करा.

पहिली जागा मुंबई–फ्रँकफर्टचे विमान. तुम्ही तो प्रवास परवडणार नाही म्हणून बाजूला ठेवलात, कारण तुम्ही तिकिटाची पूर्ण किंमत पाहिलीत. पुष्कळ कंपन्या इकॉनॉमीचे तिकीट असलेल्या प्रवाशांना वरच्या वर्गासाठी बोली लावू देतात : आपण रक्कम सांगायची, जागा शिल्लक असल्या आणि बोली मान्य झाली तर साधारण शेवटच्या एक-तीन दिवसांत कळवतात, नाहीतर एक पैसाही जात नाही. ४० हजारांत दोघांना एकदम बिझनेस मिळेलच, असे आश्वासन मी देणार नाही. मिळणे कठीणच आहे. पण कंपनीकडे प्रीमियम इकॉनॉमी, म्हणजे इकॉनॉमी आणि बिझनेस यांच्या मधला वर्ग, असेल, तर तिथे ही रक्कम खूप जास्त अर्थपूर्ण ठरते. खुर्ची खरोखर रुंद असते, ती जास्त मागे रेलते, पायांना जागा असते, आणि हे सुख तासाभराचे नसून नऊ-एक तासांचे असते. बोली जातानाच्या प्रवासासाठी लावा, कारण मुंबईहून युरोपकडे जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात आणि झोपेचे खोबरे तिथेच होते. बोली सहसा एका नोंदणीवरच्या सर्व प्रवाशांना मिळून लागते आणि रक्कम माणशी मोजली जाते, तेव्हा आकडा भरताना दुप्पट करून पाहा. मान्य झालेले पैसे परत मिळत नाहीत, आणि सामानाची मर्यादा मूळ तिकिटाचीच राहू शकते. ही दोन्ही कलमे वाचल्याशिवाय बटण दाबू नका.

दुसरी जागा इटलीतली रेल्वे, आणि माझ्या मते तुमच्या प्रवासातली ही सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे. रोम ते फ्लॉरेन्स वेगवान गाडीने सुमारे दीड तास, आणि तिथून व्हेनिस सव्वादोन तासांच्या आसपास. फ्रेच्चारोसा नावाच्या या वेगवान गाड्यांत स्टँडर्ड, प्रीमियम, बिझनेस आणि एक्झिक्युटिव्ह असे वर्ग असतात. बिझनेसच्या डब्यात एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक अशा रुंद चामडी खुर्च्या असतात. म्हणजे तिथे खुर्ची खरोखर वेगळी आहे, तुम्ही दोघे जोडीने बसता, आणि बाहेर अंधार किंवा ढग नसून तस्कनी प्रांतातल्या टेकड्या असतात. आगाऊ तिकीट काढले, तर स्टँडर्ड आणि बिझनेस यांतला फरक विमानातल्या फरकापुढे किरकोळ असतो. मात्र स्वस्त तिकिटांत तारीख बदलून मिळत नाही, आणि डब्यात चढायला दोन-तीन पायऱ्या असतात, हे गुडघ्यांसाठी ध्यानात ठेवा.

तरीही रोमच्या विमानात पुढेच बसायचे असेल, तर त्यालाही एक समंजस मार्ग आहे. आता इकॉनॉमीची तिकिटे काढा. प्रवास जवळ आला की, आणि कधी कधी चेक-इन करतानाही, कंपनी वरच्या वर्गाची जागा कमी दरात देऊ करते. माणशी किती रुपयांपर्यंत द्यायचे हे आजच ठरवून कागदावर लिहा; मी असतो तर पाच-सहा हजारांच्या वर गेलो नसतो. देऊ केलेला दर त्या आकड्याच्या आत असला तर घ्या, नसला तर खिडकीची जागा धरा, कारण हवा स्वच्छ असेल तर वाटेत आल्प्सची बर्फाळ शिखरे दिसतात आणि ती दोन्ही वर्गांना सारखीच दिसतात. तुम्ही एकट्याने पुढे आणि यजमानांनी मागे बसावे, असाही पर्याय काही जण सुचवतील. नियमाने त्यात अडचण नाही, पण या सहलीत तो मला पटत नाही. त्यातून हौस भागण्याऐवजी वादच पडद्याच्या दोन बाजूंना जाऊन बसेल.

यजमानांशी बोलताना ‘जाऊ की नको’ असे विचारू नका. तसे विचारले की उत्तर देण्याचे काम त्यांच्याकडे जाते. ‘ही रक्कम मी आपल्या दोघांच्या प्रवासाच्या आरामासाठी वेगळी काढली आहे, ती मुंबईच्या विमानात घालावी, की इटलीच्या गाडीत आणि रोममधल्या स्टेशनजवळच्या बऱ्या हॉटेलात?’ असे विचारा. खर्च ठरलेला आहे, जागा ठरवायची आहे. पुतण्याच्या फीची गोष्ट खरीच असेल, तर तीही त्याच बैठकीत, पण वेगळ्या रकमेतून बोला.

बोली लावायचे ठरलेच, तर आधी एक बारीक काम उरकून घ्या. आपल्या कार्डांवर परदेशी व्यवहार आणि ऑनलाइन व्यवहार यांची परवानगी आपणहून सुरू करावी लागते आणि मर्यादाही वाढवून घ्यावी लागते; ती नसेल, तर मान्य झालेल्या बोलीचे पैसे ऐन वेळी अडकतात. बँकेत ३४ वर्षे काढलेल्या बाईंना हे मी सांगायला नको. पण कार्ड यजमानांच्या नावाचे न वापरता स्वतःच्या नावाचे वापरा.